गोदूताई परुळेकर



आपल्या सरावलीपासून तलासरी काही फार दूर नाही. तेथील झरी गावात २३ मे १९४५ रोजी सुमारे पाच हजार वारली जमले आणि यापुढे वेठबिगार करायची नाही, असे त्यांनी ठरवले. त्यांना धीर देणाऱ्या गोदावरी परुळेकर १९०७ साली पुण्यात, सुखवस्तू घरात जन्मल्या. कायद्याची पदवी घेऊनही वकिली न करता त्या पाड्यापाड्यांवर पायी फिरल्या, झोपड्यांतून राहिल्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको जमीनदाराचे जन्माचे गुलाम होत. ती लग्नगडी पद्धत या लढ्याने मोडली. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण ठार झाले. तरी लोक हटले नाहीत. दहा वर्षांनी, १९५५ साली, अमेरिकेत मॉन्टगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. त्यांनीही आधी मनातली भीतीच टाकली होती.

गोदूताई साम्यवादी होत्या. त्यांची वाट आणि आपली वाट वेगळी. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्या निवर्तल्या. पण त्यांचा प्रश्न उरला आहे. आपल्या चिकूच्या वाडीत राबणाऱ्याला आपण पुरी मजुरी वेळेवर देतो का? त्याला नावाने, मानाने हाक मारतो का?