नूट रॉकनी : टीआरपी जन्मायच्या आधीचा टीआरपी

चार पोरं घोड्यांवर बसलीयेत. अंगात फुटबॉलचा पोशाख, हातात बॉल. घोडे गावातून आणलेले, पोरांना घोडेस्वारीची सवय फारशी नाही. ऑक्टोबर १९२४ मधला हा फोटो अमेरिकेतल्या पेपरांनी भराभर छापला आणि इंडियाना राज्यातल्या एका आडबाजूच्या कॉलेजचे चार खेळाडू देशभर हीरो झाले.

फोटोची आयडिया कुठल्या जाहिरात कंपनीची नव्हती. जॉर्ज स्ट्रिकलर नावाच्या विद्यार्थ्याची होती. ग्रँटलंड राइस या बड्या क्रीडा पत्रकाराने आर्मीविरुद्धच्या मॅचच्या बातमीत या चौघांना बायबलमधल्या चार घोडेस्वारांची उपमा दिली होती. स्ट्रिकलरने ती उपमा उचलली आणि पोरांना खरोखरच घोड्यांवर बसवलं. तो टीमचा प्रसिद्धी सहायक होता, म्हणजे आजच्या भाषेत सोशल मीडिया इंटर्न! मी स्वतः इंटर्न असल्यामुळे मला या फोटोचं जरा जास्तच कौतुक आहे. पण एका विद्यार्थ्याला असं काम देणारा त्याचा बॉस त्याहून भारी होता. त्याचं नाव नूट रॉकनी, नोटर डेम कॉलेजचा फुटबॉल कोच.

अमेरिकेत दर डिसेंबरला एक वाद पेटतो. कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफसाठी टीम निवडताना खेळ बघतात की टीआरपी? (हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, लंबगोल बॉल हाताने फेकत, धडका देत खेळतात तो.) या वादाचं उत्तर शोधायचं तर टीव्ही घराघरात पोहोचायच्या आधी गेलेल्या या माणसाच्या गोष्टीपासून सुरुवात करावी लागते.

पोस्टातला पोरगा

रॉकनी जन्माने अमेरिकन नव्हता. ४ मार्च १८८८ ला नॉर्वेतल्या व्हॉस गावी त्याचा जन्म झाला. पाच वर्षांचा असताना कुटुंब शिकागोला आलं. शाळेनंतर कॉलेजला जायला पैसे नव्हते, म्हणून तो पोस्टात कामाला लागला आणि काही वर्षं पैसे साठवले. १९१० मध्ये नोटर डेमला ॲडमिशन घेतली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आपल्याकडे बावीसाव्या वर्षी पोरं डिग्री घेऊन बाहेर पडतात. हा तेव्हा फर्स्ट इयरला बसला. विषय केमिस्ट्री. पुढे त्याने पदवी चांगल्या मार्कांनी मिळवली आणि कॉलेजात केमिस्ट्री शिकवलीही.

नोटर डेम हे कॅथलिक पाद्र्यांनी १८४२ मध्ये काढलेलं कॉलेज. गाव साउथ बेंड. देशाच्या पूर्वेकडच्या श्रीमंत, जुन्या कॉलेजांपुढे त्याला कोण विचारतो? फुटबॉलमध्ये तर नाहीच.

१ नोव्हेंबर १९१३ ला हे चित्र बदललं. त्या दिवशी नोटर डेमची टीम वेस्ट पॉइंटला आर्मीविरुद्ध खेळायला गेली. तेव्हा फुटबॉल म्हणजे मुख्यतः रेटारेटी. बॉल पुढे फेकायला १९०६ पासून परवानगी होती, पण बहुतेक टीम्स ती जपूनच वापरायच्या. रॉकनी आणि त्याचा मित्र गस डोरे यांनी सुट्टीत एका बीचवर नोकरी करता करता लांब पासची प्रॅक्टिस केली होती. डोरे फेकायचा, रॉकनी पळत पळत झेलायचा. आर्मीचे धिप्पाड गडी बघत राहिले आणि नोटर डेम ३५-१३ ने जिंकलं. पास त्यांनी शोधला नव्हता. पण न्यूयॉर्कच्या पत्रकारांसमोर त्यांनी तो असा वापरला की सगळीकडे चर्चा झाली. मोठ्या शहराच्या पेपरांसमोर जिंकलं की त्या विजयाचं वजन वाढतं, हा धडा रॉकनीला बहुधा तिथेच मिळाला.

दार बंद, मग रेल्वे

१९१८ मध्ये तो हेड कोच झाला. त्या भागातल्या मोठ्या विद्यापीठांची एक संघटना होती, आज तिला बिग टेन म्हणतात. नोटर डेमने तिच्यात शिरायचा प्रयत्न केला, पण दार उघडलं नाही. कारणं अनेक सांगितली गेली. त्यात कॅथलिकांबद्दलचा आकसही होता, असं इतिहासकार मानतात. काळच तसा होता. मे १९२४ मध्ये कू क्लक्स क्लॅनचे लोक साउथ बेंडला जमले, तेव्हा नोटर डेमच्या पोरांनी रस्त्यावर त्यांच्याशी मारामारी केली होती.

शेजारी खेळायला घेत नाहीत म्हटल्यावर रॉकनीने टीम रेल्वेत बसवली. न्यूयॉर्कला आर्मीशी, नेब्रास्काला त्यांच्या घरी आणि १९२६ पासून लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्नियाशी. टीम सतत प्रवासात असायची. १ जानेवारी १९२५ ला पॅसाडिनाच्या रोझ बोलमध्ये त्यांनी स्टॅनफर्डला २७-१० ने हरवलं. या प्रवासामुळे एक गंमत झाली. न्यूयॉर्क, शिकागोतल्या आयरिश, इटालियन, पोलिश कामगारांना ही टीम आपली वाटू लागली. या लोकांनी कॉलेजची पायरीही चढलेली नव्हती, पण सबवेने मॅचला यायचे. त्यांना सबवेवाले माजी विद्यार्थी असंच नाव पडलं. शिकागोच्या सोल्जर फील्डवर सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्धच्या मॅचला लाखाच्या वर गर्दी झाली. रेडिओ नवा होता, तो या मॅचेस आणखी लांब नेत होता.

म्हणजे बघा, प्रेक्षक जमवणं हा रॉकनीचा निव्वळ शौक नव्हता. ज्यांना आत घेत नव्हते, त्यांच्या हातातलं ते एकमेव हत्यार होतं.

जेवणाचं आमंत्रण

त्या काळी प्लेऑफ नव्हता. चॅम्पियन कोण, हे पत्रकार आणि जाणकार आपापल्या परीने ठरवायचे. १९२६ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी गणिती पद्धत काढली. प्रतिस्पर्धी किती तगडा यावर विजयाचे गुण. सगळं आकड्यात, भावनेला जागा नाही. विजेत्याला ट्रॉफी.

आता रॉकनीची करामत ऐका. असं सांगतात, की त्याने प्रोफेसरसाहेबांना जेवायला बोलावलं आणि गळ घातली, की ही पद्धत दोन वर्षं मागे नेऊन लावा. प्रोफेसरांनी ते केलं. १९२४ चा चॅम्पियन निघाला नोटर डेम! टीम त्या वर्षी एकही मॅच हरली नव्हती, त्यामुळे निकाल चुकीचा म्हणता येत नाही. पण मोजायची सुरुवात कुठल्या वर्षापासून करायची, हे मात्र ज्याला जेवायचं आमंत्रण देता येतं त्याने सुचवलं. कितीही शुद्ध गणित असो, त्याच्याभोवती माणसं असतातच.

प्रसिद्धीच्या नादात रॉकनी एकदा जोरात आपटलाही. नोव्हेंबर १९२६ मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी टेकशी मॅच होती. सोपी समजून तो टीमबरोबर गेलाच नाही. तो शिकागोला होता, आर्मी-नेव्हीचा लाखभर लोकांचा सोहळा बघत. इकडे नोटर डेम १९-० ने हरलं. त्या सीझनमधला हा त्यांचा एकमेव पराभव. मोठ्या शोच्या मागे पळताना त्याचा स्वतःचा खेळ हातातून गेला होता.

१९२८ हे त्याचं सगळ्यात वाईट वर्ष ठरलं, चार पराभव. त्याच वर्षी यँकी स्टेडियमवर आर्मीविरुद्ध त्याने पोरांना जॉर्ज गिपची आठवण करून दिली. गिप हा त्याचा लाडका खेळाडू, बेशिस्त पण अफाट गुणवान. डिसेंबर १९२० मध्ये घशाच्या इन्फेक्शनने आणि न्यूमोनियाने पंचविसाव्या वर्षी गेला. मरताना त्याने टीमसाठी निरोप ठेवला होता, असं रॉकनीने सांगितलं. तो निरोप खरा होता की कोचची कल्पना, यावर अभ्यासक आजही भांडतात. टीम मात्र १२-६ ने जिंकली. गोष्ट कशी आणि कधी सांगायची, हे त्याला पक्कं कळायचं.

१९२९ मध्ये स्वतःचं स्टेडियम बांधायला काढलं, त्यामुळे आख्खा सीझन घराबाहेर. त्यात रॉकनीच्या पायात रक्ताच्या गाठीचा आजार. व्हीलचेअरवरून कोचिंग केलं आणि टीम एकही मॅच हरली नाही. १९३० मध्ये नवं स्टेडियम उघडलं, पुन्हा अपराजित. डिकिन्सन ट्रॉफी तिसऱ्यांदा जिंकल्यामुळे ती नोटर डेमकडेच राहिली. तेरा सीझनचा त्याचा हिशेब : १०५ विजय, १२ पराभव, ५ बरोबरी.

३१ मार्च १९३१. एका सिनेमाच्या कामासाठी तो विमानाने लॉस एंजेलिसला निघाला. कॅन्ससमध्ये बझार गावाजवळ विमानाचा लाकडी पंख तुटला. आठही जण गेले. रॉकनी ४३ वर्षांचा होता. त्याच्या अंत्यसंस्काराचं प्रसारण रेडिओवरून देशभर झालं. इतका लोकप्रिय माणूस गेल्यामुळे विमानांच्या सुरक्षेवर देशभर ओरड झाली आणि धातूच्या विमानांकडे वळायला वेग आला. १९४० मध्ये त्याच्यावर सिनेमा निघाला. त्यात गिपचं काम करणारा नट पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, रोनाल्ड रेगन.

मग आजचं काय?

रॉकनीने जमवलेला प्रेक्षक त्याच्यानंतरही टिकला. १९९१ पासून नोटर डेमच्या घरच्या मॅचेस एनबीसीवर स्वतंत्र कराराने दिसतात. आपल्या एकट्याच्या नावावर असा राष्ट्रीय करार मिळवणारं ते पहिलं कॉलेज. फुटबॉलमध्ये ते आजही कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही. शेजाऱ्यांनी बंद केलेल्या दाराची त्यांना आता गरजच उरली नाही.

सीझन संपल्यावरच्या बोल सामन्यांचे आयोजक तर टीम बोलावताना तिकिटं आणि टीव्हीचा हिशेब उघड उघड करायचे. मैदानावरच चॅम्पियन ठरावा म्हणून २०१४ मध्ये प्लेऑफ आला, आधी चार टीम्सचा, २०२४ पासून बाराचा. निवड तेरा जणांची समिती करते. निकषांत प्रतिस्पर्ध्यांची ताकद, आमनेसामनेचा निकाल, कॉन्फरन्सचं विजेतेपद आहे. प्रेक्षकसंख्या कुठेही नाही. पण सामन्यांचे हक्क ईएसपीएनकडे आहेत, नव्या कराराची किंमत वर्षाला साधारण १३० कोटी डॉलर, आणि समितीची दर आठवड्याची क्रमवारी जाहीर होते तीही ईएसपीएनच्याच शोमध्ये. लोकांना शंका येणारच ना?

२०२३ मध्ये तेराच्या तेरा मॅच जिंकलेली फ्लोरिडा स्टेट बाहेर राहिली आणि एक मॅच हरलेली अलाबामा आत आली. समितीचं म्हणणं, फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जखमी असल्यामुळे टीम पूर्वीसारखी राहिली नव्हती. चाहत्यांचं म्हणणं, अलाबामा टीव्हीवर चालते. अलाबामाची सेमीफायनल पावणेतीन कोटींच्या आसपास लोकांनी पाहिली. मग शंका पक्की होते का? थांबा.

डिसेंबर २०२५. नोटर डेम, १० विजय, २ पराभव, सलग दहा मॅचेस जिंकलेली. देशातला सगळ्यात हुकमी टीव्ही प्रेक्षक यांच्याकडे. शेवटच्या क्रमवारीत मायामीला त्यांच्या पुढे नेलं, कारण मायामीने त्यांना सीझनच्या पहिल्याच मॅचमध्ये हरवलं होतं. नोटर डेम बाहेर! तुलेन आणि जेम्स मॅडिसन ही टीव्हीवर फारशी न दिसणारी कॉलेजेस मात्र कॉन्फरन्स विजेत्यांच्या नियमाने आत. चिडलेल्या नोटर डेमने दुसरा कुठलाही बोल सामना खेळायला नकार दिला. समिती टीआरपीचा कागद समोर ठेवून निवडत असती, तर हे झालंच नसतं.

पण त्याच यादीत तीन पराभवांची अलाबामा होती. तिला आत नेणारा मुद्दा कोणता? तगड्या कॉन्फरन्समधले तगडे प्रतिस्पर्धी. आणि कॉन्फरन्स तगडी होते ती कशाने? टीव्हीच्या पैशाने. पैसा आला की भारी कोच येतात, भारी खेळाडू येतात, मोठ्या मॅचेस मिळतात. मग समितीच्या टेबलावर जे गुणवत्ता म्हणून येतं, त्यात प्रेक्षक आधीच मिसळलेला असतो. टीआरपी समितीच्या खोलीत शिरत नाही, तो त्याच्या किती तरी वर्षं आधी आपलं काम करून गेलेला असतो.

रॉकनीने हेच केलं होतं. त्याने निकाल विकत घेतला नाही, त्याच्या टीम खरोखरच जिंकत होत्या. पण जिंकलेलं दिसावं कुठे, किती लोकांना आणि कोणाविरुद्ध, हे त्याने स्वतः ठरवलं. फरक एवढाच, की तेव्हा ही खटपट दाराबाहेर उभ्या असलेल्या छोट्या कॉलेजची होती. आज तीच खटपट आत बसलेले मोठे करतात आणि दाराबाहेर दुसरी कोणीतरी टीम उभी असते. त्या टीमकडे रेल्वेचं तिकीट, घोड्यांवर बसायला तयार असलेली चार पोरं आणि एखादा हुशार इंटर्न असेल का, एवढाच प्रश्न आहे.