विश्लेषण : ७२ गावांच्या हाती कारभार देणारा औंधचा राजा कोण होता?

औंध म्हटलं की अनेकांना पुण्यातलं औंध आठवतं. पण सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं औंध एकेकाळी संस्थानाची राजधानी होतं. संस्थान लहान, गावं फक्त ७२. तीही सलग नव्हती, तर आजच्या सातारा, सांगली आणि कर्नाटकातल्या विजापूर भागात विखुरलेली. लोकसंख्या लाखभरही नव्हती. तरीही उद्योग, चित्रकला, व्यायाम आणि ग्रामराज्य यांच्या इतिहासात औंधचं नाव येतं. त्यामागे एक माणूस होता, भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

राजा होण्याआधी काय करत होते?

बाळासाहेबांचा जन्म १८६८ चा. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळापासून ‘प्रतिनिधी’ हे मानाचं पद मिळालेलं हे घराणं. बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले. चित्रकला आणि कीर्तन हे त्यांचे आवडीचे विषय. आधीच्या राजाला ब्रिटिशांनी पदावरून दूर केलं आणि १९०९ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, बाळासाहेब गादीवर आले.

किर्लोस्करांशी संबंध काय?

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळचा ३२ एकर माळ दिला आणि बिनव्याजी कर्जही दिलं. निवडुंग आणि दगडधोंड्यांच्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर तयार करणारा हा कारखाना पुढे मोठ्या उद्योगसमूहाचं मूळ ठरला.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी, यासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं. ते पाहायला बाळासाहेब हयात नव्हते.

सूर्यनमस्कारांचा राजा का म्हणतात?

बाळासाहेब रोज सूर्यनमस्कार घालत. संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी ते सक्तीचे केले आणि त्यावर पुस्तकं लिहिली. इंग्रजीतूनही लिहिल्यामुळे हा व्यायाम परदेशी वाचकांपर्यंत गेला. चित्रकार म्हणून त्यांनी रामायणाची चित्रमालिका काढली, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

‘औंधचा प्रयोग’ म्हणजे काय?

१९३८ च्या सुमारास देशभरातल्या संस्थानांत प्रजा हक्क मागत होती. अनेक राजांनी दडपशाहीचा मार्ग धरला. बाळासाहेबांनी मात्र नोव्हेंबर १९३८ मध्ये कारभार लोकांच्या हाती देण्याची घोषणा केली. इंग्लंडहून शिकून आलेले त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा यात मोठा वाटा होता. राज्यघटनेसाठी महात्मा गांधींचं मार्गदर्शन घेण्यात आलं आणि जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली.

रचना खालून वर जाणारी होती. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याचा कारभार आणि तिथून संस्थानचं विधिमंडळ. राजा नावापुरता प्रमुख.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवण्यात आलं. इथे कैदी भिंतींशिवाय, कुटुंबासह राहून शेती करत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा हीच वसाहत. पटकथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच संस्थानातल्या माडगुळ्याचे.

प्रयोग थांबला का?

थांबला, पण फसला म्हणून नाही. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि औंधची घटनाही संपली. प्रयोगाला जेमतेम नऊ वर्षं मिळाली. गावाला घटनेत स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती देशात १९९३ मध्ये लागू झाली. बाळासाहेबांचं निधन १९५१ मध्ये झालं.

राजधानीपण गेल्यावर औंधची वर्दळही कमी झाली. वेदाभ्यासक पं. सातवळेकर यांनी इथे वाढवलेलं स्वाध्याय मंडळ १९४८ मध्येच गुजरातेत पारडीला गेलं.

आज काय पाहता येतं?

यमाईच्या डोंगरावर बाळासाहेबांनी १९३८ मध्ये खुलं केलेलं श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. ते आता राज्य सरकारकडे आहे. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रं, लघुचित्रं, हस्तिदंती आणि चंदनी कोरीवकाम, शिवाय ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं ‘माता आणि मूल’ हे दगडी शिल्प इथे आहे. मूर यांचं शिल्प पाहायला एरवी परदेशातली मोठी संग्रहालयं गाठावी लागतात. खटावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या शाळकरी मुलांना ते गावाजवळच्या टेकडीवर पाहता येतं.