प्राध्यापक आगरकर : स्वाधीन अध्यापनाचा एक प्रयोग

गोपाळ गणेश आगरकर यांचे चरित्र सामान्यतः सुधारकाचे चरित्र म्हणून लिहिले जाते. निबंधकार, संपादक आणि बुद्धिवादी विचारवंत या नात्यांनी त्यांची चिकित्सा पुष्कळ झाली. परंतु १८८१ पासून मृत्यूपर्यंत त्यांचा चरितार्थाचा व्यवसाय अध्यापनाचा होता, ही बाब बहुधा एका वाक्यात उरकली जाते. वस्तुतः अध्यापकाची स्वतःच्या कामावर कितपत सत्ता असावी आणि त्या सत्तेतून लाभणारे व्यवसायसमाधान कोणत्या अटींवर टिकते, या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांचे आयुष्य विशेष लक्षणीय आहे.

१४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी जन्मलेल्या आगरकरांना शिक्षण सुखासुखी मिळाले नाही. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी भ्रमंती करीत, मिळेल ते काम आणि मिळेल तो आश्रय पत्करीत ते १८७५ मध्ये मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अशा घरातील मुलगा एम.ए. होतो तेव्हा घराला मोठ्या पगाराची आशा वाटणे स्वाभाविकच होते. त्यांनी आईला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पोटापुरत्या वेतनावर संतुष्ट राहून उरलेला सारा वेळ परहितार्थ वेचण्याचा आपला निश्चय त्यांनी त्यात कळविला. या पत्राचे कौतुक त्यागाचे उदाहरण म्हणून होते, आणि ते योग्यच आहे. मात्र पोटापुरते वेतन आणि उरलेला वेळ ही त्यातील जोडी नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील सारा संघर्ष नेमका या दोहोंभोवतीच झाला.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील नोकरी १८७९ मध्ये सोडली, त्यामागे केवळ एका अधिकाऱ्याशी न पटणे नव्हते. सरकारी शिक्षकाची बदली, बढती आणि लेखणी ही तिन्ही वरिष्ठांच्या हाती असत. निबंधमालेच्या कर्त्याला हे मानवणे शक्य नव्हते. जानेवारी १८८० मध्ये सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचे वेगळेपण म्हणूनच अभ्यासक्रमात फारसे नव्हते, कारभारात होते. तेथे शिकविणारेच शाळा चालवीत. टिळक, नामजोशी, वामन शिवराम आपटे आणि एम.ए. झाल्यावर येऊन मिळालेले आगरकर हे परस्परांचे सहकारी होते. कोणी कोणाचा नोकर नव्हता. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा या व्यवस्थेला आजीव सदस्यत्वाचे नियमबद्ध रूप मिळाले : वीस वर्षे सेवेचे बंधन, माफक वेतन आणि त्या बदल्यात संस्थेच्या अंतर्गत निर्णयांत समान मत. १८८५ च्या प्रारंभी फर्ग्युसन कॉलेज निघाले, तेही याच पायावर. पाऊणशे रुपये हे जे वेतन या सदस्यांच्या नावाशी जोडले गेले आहे, ते सरकारी महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या मानाने अगदीच तुटपुंजे होते.

दरम्यान कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ साली आगरकर व टिळक यांना कारावास घडला. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे त्यांनी केलेले विकारविलसित हे रूपांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुटून आल्यावर हे दोघे पुन्हा वर्गावर गेले. सरकारी शाळेत हे अशक्यप्राय ठरले असते.

परंतु मालकाला दूर सारल्याने अधिकाराचा प्रश्न मिटत नाही. तो सहकाऱ्यांमध्ये येऊन बसतो. आधी तो केसरीत उद्भवला. संपादक आगरकर असले तरी पत्र सर्वांचे होते, आणि बालविवाह, संमतिवय, स्त्रीशिक्षण या विषयांवरील त्यांची मते सर्वांची नव्हती. १८८७ च्या ऑक्टोबरात त्यांनी केसरी सोडला आणि वर्षभराने, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, सुधारक काढला. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोखले यांच्याकडे होती. महाविद्यालय मात्र आगरकरांनी सोडले नाही. सुधारक निघाला त्याच वर्षी त्यांचा वाक्यमीमांसा हा व्याकरणग्रंथही प्रसिद्ध झाला; लोकक्षोभाच्या धामधुमीतही त्यांच्यातील अध्यापक किती जागा होता, याची ती साक्ष होय.

वेतनवाढ आणि बाहेरची कामे या प्रश्नांवर सदस्यांत जो वाद पेटला, त्याकडे टिळक-आगरकर वैराचे एक प्रकरण म्हणून पाहण्याची सवय मराठी वाचकाला जडली आहे. त्यातील तत्त्व त्यामुळे झाकोळते. टिळकांच्या मते आजीव सदस्याने आपला सर्व वेळ संस्थेला वाहिलेला असावा. तसे नसेल, तर त्यागाच्या नावावर उभ्या राहिलेल्या संस्थेला नैतिक अधिष्ठानच उरत नाही. आगरकरांच्या पक्षाचे म्हणणे असे की, नेमलेले काम चोख केल्यावर उरणारा वेळ अध्यापकाचा आहे आणि कुटुंबाची गरज वाढली तर वेतनाचा विचार व्हावा, यात व्रतभंग नाही. टिळकांची भूमिका अधिक उदात्त, यात संशय नाही. तथापि आगरकरांची भूमिका अधिक मानुषी होती, आणि एका अर्थी स्वातंत्र्याला अधिक जवळची. कारण उरलेला वेळही संस्थेचा ठरला असता, तर सुधारक चालविण्याची मुभा बहुमताच्या मर्जीवर गेली असती. १८९० मध्ये गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारण्याचे निमित्त झाले आणि बहुमत आपल्या विरोधात असल्याचे पाहून टिळकांनी राजीनामा दिला. ज्या संस्थेच्या उभारणीत त्यांचे कर्तृत्व खर्ची पडले होते, तिला ते असे मुकले. स्वायत्ततेची ही किंमत लहान नव्हती.

आपट्यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये आगरकर प्राचार्य झाले. पदाने वेतनाची ओढाताण संपली नाही, की शहरातील निंदाही थांबली नाही. ते जिवंत असतानाच त्यांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा निघाल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. दम्याने शरीर पोखरले होते. तरीही सरकारी वा संस्थानी नोकरीचा मार्ग त्यांनी धरला नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्काराच्या खर्चापुरते पैसे त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगितले जाते. प्राचार्यपदाची सूत्रे महादेव शिवराम गोळे यांच्याकडे गेली. १८८१ पासून मोजली, तर आगरकरांची सेवा साडेचौदा वर्षांची भरते. वीस वर्षांच्या बंधनातील साडेपाच वर्षे शिल्लक राहिली होती.