नाइटिंगेलबाईंचा ब्रश

आमच्या बहुतेक वाचकांस फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई ठाऊक आहेत, त्या रात्रीं हातांत दिवा घेऊन जखमी शिपायांची विचारपूस करणाऱ्या म्हणून. तें चित्र खोटें नाहीं. परंतु फरशी घासावयाच्या ब्रशाशींहि बाईंचा तितकाच संबंध होता, हें सहसा सांगितलें जात नाहीं. म्हणून आज दिवा बाजूस ठेवून आम्ही त्या ब्रशाविषयींच लिहितों.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं एका श्रीमंत इंग्रज कुटुंबांत झाला. रोग्यांची शुश्रूषा करणें हें त्या काळीं हलकें काम समजलें जाई, व घरच्यांनीं कित्येक वर्षें त्यांस अडविलें. अखेर १८५१ सालीं जर्मनींत कैसरस्वर्थ येथें पास्टर फ्लीडनर यांच्या सेविकाश्रमांत त्यांनीं कांहीं महिने शिक्षण घेतलें.

नोव्हेंबर १८५४ मध्यें, क्रिमियाचें युद्ध चालू असतां, त्या ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानांत स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयांत पोहोंचल्या. तेथें फरशी कुजलेली, अंथरुणांत उवा, आणि धुण्याची सोय जवळजवळ नाहींच. बाईंनीं ब्रश व कापड मिळविलें. पाणी तापविण्याची सोय करून शिपायांच्या बायकांस धुण्याच्या कामास लाविलें. तरीहि मरण हटेना. फेब्रुवारी १८५५ मध्यें तेथें शेंकडा ४२ रोगी दगावत होते. पुढें मार्चांत सरकारनें धाडलेलें आरोग्य-मंडळ आलें, तेव्हां उलगडा झाला: इमारतीखालच्या मोऱ्या तुंबून सडल्या होत्या! त्या मोकळ्या केल्या, मेलेलीं जनावरें हलविलीं, भिंतींस चुना दिला. जूनपर्यंत मृत्यूंचें प्रमाण शेंकडा २ वर आलें. युद्धानंतर हे आंकडे, स्वतः राबलेल्या रुग्णालयाचेहि, बाईंनीं न झांकतां सरकारापुढें मांडले. आमच्या मतें हें धैर्य दिव्याच्या गोष्टीहून मोठें होय.

लोकांनीं कृतज्ञतेनें जमविलेल्या निधींतून १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांची शिक्षणशाळा निघाली. पहिल्या वर्गांत १५ विद्यार्थिनी होत्या व शिक्षण एक वर्षाचें. आदल्या वर्षींच्या शुश्रूषेवरील पुस्तकांत बाईंनीं बारीकसारीक गोष्टी लिहिल्या आहेत. कोरड्या फडक्यानें झटकल्यास धूळ जात नाहीं, केवळ जागा बदलते. ओलसर फडक्यानें पुसावें. (आमच्या शाळेंत रोज सकाळीं बांक झटकणाऱ्या मुलांनीं हें एकदां करून पाहावें.) हात दिवसांतून पुष्कळदां धुवावे. रोग्याचें भांडें खोलींत झांकून ठेवूं नये, लागलींच बाहेर नेऊन धुवावें. धुरी व जंतुनाशकें यांवर विसंबूं नये. धुरीचा उपयोग एवढाच कीं, वासानें खिडकी उघडावी लागते, अशी थट्टाहि त्यांनीं नमूद केली आहे. आणि मुख्य म्हणजे, परिचारिकेनें स्वतः केलेलें काम पुरेसें नव्हे. ती जागेवर नसतांनाहि तें होईल, अशी व्यवस्था लावणें हेंच तिचें खरें कौशल्य.

आरंभीं रोगाचें मूळ दूषित हवेंत आहे असें त्या मानीत. हा समज चुकीचा होता. पुढें सूक्ष्म जंतूंचें ज्ञान पसरल्यावर, १८८० नंतरच्या लेखनांत त्यांनीं परिचारिकांस जंतुनाशनाचे नियमहि सांगितले. साठीनंतर मत बदलणें सोपें नसतें. हिंदुस्थानांत त्या कधीं आल्या नाहींत, परंतु येथील छावण्यांतील पाणी व मोऱ्या यांविषयींचे ढीगभर कागद त्यांनीं लंडनांत बसून वाचले.

१३ ऑगस्ट १९१० रोजीं, वयाच्या ९० व्या वर्षीं, त्या निवर्तल्या. वेस्टमिन्स्टरमध्यें दफन करण्याची सूचना आली होती. बाईंच्या इच्छेप्रमाणें नातलगांनीं ती नाकारली. ईस्ट वेलो गांवच्या देवळाच्या आवारांत, घराण्याच्या थडग्यावर त्यांच्या नांवाचीं केवळ आद्याक्षरें व जन्ममृत्यूच्या तारखा कोरलेल्या आहेत.