स्वच्छताव्रती श्रीगाडगे महाराज

बहुतेक घरांत एखादा कोपरा असा असतो की, ज्याकडे दृष्टी जाताच गृहस्थाचे मन खिन्न होते. माळ्यावर फुटकी भांडी, कोनाड्यात जुने कागद, पेटीत वर्षानुवर्षे न नेसलेली वस्त्रे साचलेली असतात. आज आवरू, उद्या आवरू, असे म्हणता म्हणता दिवस निघून जातात. मनाला उत्साह आला म्हणजे हात लावू, अशी त्याची समजूत असते. हा क्रम उलट आहे, हात आधी चालतो व मन त्याच्यामागून येते, ही गोष्ट श्रीगाडगे महाराजांच्या चरित्रात स्पष्ट दिसते.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी व्यसनापायी अकाली गेले. आई सखूबाईने मुलाला घेऊन दापुरे येथे माहेरचा आश्रय घेतला. तेथे डेबूजी गुरे राखून व नांगर धरून वाढला. सावकारी कर्ज घराला कसे पोखरते, हे त्याने तेथे प्रत्यक्ष पाहिले. गोरगरिबांचे घर दारू, ऋण आणि लौकिकासाठी केलेला खर्च यांनी बुडते, ही खूणगाठ त्याच्या मनात तेव्हाच बांधली गेली. मुलीच्या बारशाला ज्ञातीच्या रूढीप्रमाणे मद्यमांसाची पंगत न घालता त्याने गोडाचे जेवण घातले. आप्तांच्या रोषाची त्याने पर्वा केली नाही.

इ. स. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि जवळ एक मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा प्रपंच. वाटेने चालताना तेच गाडगे डोक्यावर असे व भूक लागली म्हणजे त्यातच भाकरी घेतली जाई. सांभाळावे असे काही जवळ नसल्याने त्यांचा सारा दिवस लोकसेवेला मोकळा राही.

एखाद्या गावी आले की ते कोणास उपदेश करीत नसत. मुकाट्याने रस्ता झाडू लागत, तुंबलेली गटारे मोकळी करीत. प्रारंभी लोक त्यांना वेडा समजत, मुले मागे लागत. घटका दोन घटका गेल्या की एखादा गावकरी लाजून घरातून झाडू घेऊन येई, त्याच्यामागून दुसरा येई. सायंकाळपर्यंत गाव स्वच्छ होई आणि मग त्या झाडलेल्या जागी महाराजांचे कीर्तन रंगे. काम केल्यावाचून ते कोणाची भाकरी घेत नसत. गीतेच्या सतराव्या अध्यायात शौचाची गणना शारीर तपात केली आहे. महाराजांनी ते तप भर रस्त्यात आचरून दाखविले.

कीर्तनात ते गृहस्थांना संसार सोडण्यास सांगत नसत. संसारातील नको ते सोडावे, एवढेच त्यांचे मागणे असे. कर्ज काढून सण करू नये, देवाच्या नावाने पशूचा बळी देऊ नये, वेळ पडल्यास जेवणाचे ताट विकून भाकरी हातावर घ्यावी, पण मुलांचे शिक्षण थांबवू नये, असे ते कळकळीने सांगत. घरातील कोणती वस्तू ठेवावी व कोणती काढावी, याची कसोटी त्यात आपोआप येते. जिच्यामुळे घरातील माणसाचे हित होते ती ठेवावी, जी केवळ लौकिकासाठी आहे ती जाऊ द्यावी.

लोकांनी दिलेल्या द्रव्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा क्षेत्रांत धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही निवासाची सोय झाली. लाखो रुपये हातातून गेले, पण त्यांतील एक पैही त्यांनी स्वतःसाठी ठेवली नाही. संस्थांची व्यवस्था त्यांनी विश्वस्तांकडे सोपविली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्याचा उपयोग ज्याला, त्याच्याकडे ती वस्तू पोचवावी, हाच त्यांचा व्यवहार होता.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे महाराजांचा देह पडला. पुढे महाराष्ट्र शासनाने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचेच नाव दिले.

महाराजांसारखा सर्वत्याग प्रत्येकास साधणार नाही व त्यांनी तो कोणाकडे मागितलाही नाही. परंतु पहाटे उठून एक कोपरा झाडणे कोणासही कठीण नाही. उत्साहाची वाट न पाहता खराटा हाती घ्यावा. एक कोनाडा मोकळा करावा आणि त्यातील धडधाकट वस्त्र वा भांडे ज्याला त्याची निकड आहे त्याच्या घरी स्वतः नेऊन द्यावे. दुसऱ्या दिवशी दुसरा कोनाडा आपणहून दिसू लागतो. घरातील केर असा रोज थोडा थोडा निघत गेला म्हणजे मनातील आसक्तीही सैल होऊ लागते. महाराजांच्या गाडग्यात मावत होते तेवढेच आपल्या गरजेचे किती, हा प्रश्न मग गृहस्थ स्वतःलाच विचारू लागतो.