ॲना मणी

ॲना मणी (२३ ऑगस्ट १९१८ – १६ ऑगस्ट २००१) या भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होत्या. भारतातील सौर प्रारणाच्या (सूर्यापासून येणाऱ्या ऊर्जेच्या) पद्धतशीर मापनाचा पाया त्यांनी घातला. त्यांच्या कार्याचा महत्त्वाचा कालखंड पुणे येथे गेला.

== जीवन ==
त्यांचा जन्म तत्कालीन त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. वडील स्थापत्य अभियंता होते. आठव्या वाढदिवशी मिळणारी हिऱ्यांची कर्णभूषणे नाकारून त्यांनी ज्ञानकोश मागितला, असे सांगितले जाते. गांधीजींच्या प्रभावामुळे त्यांनी खादी स्वीकारली. मद्रास येथे पदवी घेतल्यानंतर १९४० मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली हिरे व माणके यांच्या वर्णपटांचा अभ्यास करू लागल्या. त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले, परंतु एम्.एस्सी. पदवी नसल्याच्या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच्.डी. दिली नाही. १९४५ मध्ये त्या लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये गेल्या व तेथे हवामानविषयक उपकरणांत प्रावीण्य मिळवले.

== पुण्यातील कार्य ==
१९४८ मध्ये परतल्यावर त्या भारतीय हवामान खात्याच्या पुणे येथील उपकरण विभागात रुजू झाल्या. १९५३ मध्ये त्या विभागप्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष कर्मचारी होते. साधी उपकरणेही परदेशातून आणावी लागत असल्याने त्यांनी सुमारे १०० उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करून देशातच उत्पादन सुरू केले. सदोष मापन हे मापन नसण्यापेक्षा अधिक घातक, अशी त्यांची धारणा होती. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात (१९५७-५८) त्यांनी देशात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले.

१९६९ मध्ये त्यांची दिल्लीस उपमहासंचालकपदी बदली झाली व १९७६ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर त्यांचे भारतातील सौर प्रारणाविषयीचे दोन संदर्भग्रंथ (१९८० व १९८१) प्रसिद्ध झाले. केंद्र नसलेल्या ठिकाणांसाठी सूर्यप्रकाशाचे तास व ढगांचे प्रमाण यांवरून प्रारणाचा अंदाज बांधण्याची रीत या कार्यात वापरली आहे. पवनऊर्जेसाठी वाऱ्याच्या मोजणीचेही मोठे काम त्यांनी केले.

== वीजनिर्मितीचा अंदाज ==
सौर पटल बसवण्यापूर्वी ते किती वीज देईल हे ठरवण्यास अशा नोंदी आधारभूत ठरतात. पटलाची क्षमता प्रति चौरस मीटर १,००० वॅट प्रारण व २५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून सांगितलेली असते. उदाहरणार्थ, सांगली जिल्ह्यातील अवर्षणप्रवण जत येथे दिवसाला प्रति चौरस मीटर सरासरी ५ युनिट प्रारण मिळते असे धरले, तर १ किलोवॅटचे पटल तत्त्वतः ५ युनिट वीज देईल. उष्णता, धूळ, तारा व इन्व्हर्टर यांतील घट सुमारे एक चतुर्थांश मानल्यास हाती ३.७५ युनिट येतात. ३ किलोवॅटच्या संचातून सुमारे ११ युनिट. जत सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने पटल दक्षिणाभिमुख ठेवून साधारण तितकाच कल देतात. कडक उन्हात पटल तापले की त्याची कार्यक्षमता घटते. म्हणून सर्वाधिक उष्ण दिवस सर्वाधिक विजेचा असतोच असे नाही. पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन कमी होते. वार्षिक सरासरीवर विसंबून पंपाचा संच निवडल्यास ढगाळ महिन्यांत पाणी अपुरे पडू शकते; यासाठी महिनावार आकडे पाहावे लागतात. आज उपग्रहांवरून असे अंदाज सहज मिळतात, तथापि त्यांची पडताळणी भूपृष्ठावरील मापनांशीच करावी लागते.

== सन्मान व निधन ==
१९८७ मध्ये त्यांना भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे के. आर. रामनाथन पदक मिळाले. त्या अविवाहित होत्या. १९९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.