हवापालट सांगणारा डॉक्टर : एडवर्ड ट्रूडो

हवापालट हा शब्द तुम्ही आजी-आजोबांच्या तोंडी ऐकला असेल. क्षयाचा रोगी असला की पूर्वी त्याला पाचगणीला किंवा मिरजेजवळच्या वानलेसवाडीला पाठवीत. हाच इलाज अमेरिकेत रुजविणारे डॉ. एडवर्ड लिव्हिंगस्टन ट्रूडो स्वतःच क्षयाचे रोगी होते. त्यांची ही ओळख आम्ही मुद्दाम करून देत आहोत.

ट्रूडोंचा जन्म 1848 साली न्यूयॉर्कमध्ये झाला. 1865 साली त्यांच्या थोरल्या भावाला क्षय झाला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे डॉक्टरांनी खिडक्या उघडू नका असे बजावले होते. त्या कोंदट खोलीत एडवर्डने भावाची रात्रंदिवस सेवा केली, पण भाऊ वाचला नाही. 1871 साली ट्रूडो डॉक्टर झाले आणि दोनच वर्षांत त्यांनाही क्षय निघाला. भावाकडूनच तो आला असावा.

मरायचेच आहे तर आवडत्या ठिकाणी जाऊ, या विचाराने ते 1873 साली ॲडिरॉंडॅकच्या डोंगरात, पॉल स्मिथ यांच्या शिकारी लोकांच्या विश्रामगृहात गेले. पोहोचले तेव्हा त्यांना उचलून खोलीत न्यावे लागले. तिथे होडीत पडून राहणे, मोकळी हवा आणि चांगले जेवण एवढाच उपचार होता. भूक लागू लागली, ताप उतरला. शहरात परतले की आजार उलटे, म्हणून 1876 पासून ते सॅरानॅक लेक या खेड्यातच राहू लागले.

1882 साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला. तो निबंध जर्मनमध्ये होता आणि ट्रूडोंना जर्मन येत नव्हते. एका मित्राने हाताने लिहिलेला अनुवाद नाताळची भेट म्हणून दिला. (अशी भेट देणारे मित्र सर्वांना लाभोत!) मग त्यांनी सशांवर एक प्रयोग केला, तो 1887 साली छापून आला. पाच सशांना जंतू टोचून अंधाऱ्या, ओलसर जागी ठेवले, त्यांतले चार मेले. पाच सशांना जंतू न टोचता तशाच वाईट हालात खड्ड्यात ठेवले, ते खंगले पण त्यांना क्षय झाला नाही. उरलेल्या पाचांना जंतू टोचून तळ्यातल्या बेटावर मोकळे सोडले. त्यांतला एक दगावला, चार ठणठणीत राहिले. म्हणजे रोग जंतूनेच होतो, पण शरीर त्याच्याशी कसे झुंजते हे राहणीवर ठरते.

ससे थोडेच होते, त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

सॅनिटोरियमसाठी 16 एकर जमीन गावातल्या वाटाड्यांनी आणि रहिवाशांनी वर्गणी काढून दिली. 1885 साली तिथे दोन खाटांची एक छोटी लाल झोपडी उभी राहिली. पहिल्या रोगी कारखान्यात काम करणाऱ्या दोन बहिणी होत्या. रोग्यांकडून खर्चापेक्षा कमी पैसे घेत, आणि ट्रूडो स्वतः पगार घेत नसत. कडाक्याच्या थंडीतही रोगी कांबळी पांघरून व्हरांड्यात पडून राहत.

1893 हे वर्ष मात्र फार कठीण गेले. लाडकी मुलगी शार्लट क्षयानेच गेली. त्याच वर्षी प्रयोगाच्या रॉकेलच्या दिव्यामुळे आग लागून घर आणि प्रयोगशाळा दोन्ही जळाले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी दगडी प्रयोगशाळा बांधून काम पुन्हा सुरू केले.

पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. डोंगरच्या हवेने जंतू मरत नाही, आणि सॅरानॅकलाही अनेक रोगी दगावले. 1943 साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, पुढे आणखी औषधे आली आणि 1954 साली ते सॅनिटोरियम बंद झाले. आज टी.बी.वर गोळ्यांचा पूर्ण कोर्स हाच इलाज आहे, मोकळी हवा त्याच्या जोडीला.

ट्रूडो 1915 साली वारले. मरू घातलेल्या तरुणाला त्या डोंगरांनी बेचाळीस वर्षे दिली होती. नंतर रोग्यांनीच पैसे जमवून त्यांचा पुतळा बसविला. त्यात ते भाषण करीत उभे नाहीत, पायांवर कांबळे घेऊन, आरामखुर्चीत टेकून समोर पाहत आहेत, अगदी त्यांच्या रोग्यांसारखे.